सात वाजेपर्यंतची दोरी

गल्लीच्या टोकाला जे मैदान आहे, त्याच्या रेघा गेली एकतीस वर्षं एकच माणूस आखतो. या एकतीस वर्षांत एकही रेघ वाकडी गेली नाही, असं तो स्वतः कधी म्हणत नाही. म्हणायची गरजच काय? बघा आणि गप्प बसा, अशी त्या रेघांचीच ऐट. माणूस मात्र अबोल. उंच, काटक, मान ताठ. चालताना डावा पाय थोडा आत वळतो, पण मान अशी की पायाकडे कुणाचं लक्षच जाऊ नये. मैदानावर त्याला ‘ओळंबा’ म्हणतात. भिंत सरळ उभी आहे का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. हे नाव आपण ठेवलं असा तिघांचा दावा आहे, आणि त्यातले दोघे त्यावरून एकमेकांशी बोलत नाहीत.

ओळंब्याची बायको घरी शिवणकाम करते. म्हणजे नवरा-बायको दोघांचाही जन्म खडूत गेला. ती गिऱ्हाइकांना म्हणते, “ह्यांची रेघ संध्याकाळपर्यंत पायाखाली जाते. माझी रेघ बघून कापड कापतात. आता तुम्हीच ठरवा, घरात मोठं कोण!” हे ऐकून तो फक्त चष्मा पुसतो. लग्नाला तेहतीस वर्षं झालेल्या माणसाला कुठं बोलावं आणि कुठं चष्मा पुसावा हे बरोबर कळतं.

त्याची काम करायची पद्धत ठरलेली. पहाटे साडेपाचला मैदानावर यायचं. व्हॉलीबॉलच्या कोर्टाच्या दोन कोपऱ्यांत खुंट्या जमिनीशी सपाट ठोकायच्या. मध्ये दोरी ताणायची, इतकी की टिचकी मारली तर तारेसारखी वाजली पाहिजे. मग तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा घ्यायचा, त्यात फक्की, म्हणजे रेघांची पांढरी भुकटी, आणि दोरीच्या कडेकडेनं डबा हलवत मागं मागं सरकायचं. शेवटी दोरी अलगद उचलून घ्यायची. क्लबनं मध्यंतरी चाकांचं फक्कीयंत्र आणलं होतं. ते आता खोलीमागे गंजत पडलंय आणि त्यात मांजरीची तिसरी पिढी नांदते आहे.

रेघ पूर्ण झाली की तो एकदा खाकरतो. त्या खाकरण्याआधी कोर्टात पाऊल टाकायची कुणाची छाती होत नसे. खुद्द ओळंबा तर खाकरल्यावरही आत जात नसे. चेंडू आत पडला तरी कडेनं वळसा घालून काठीनं ओढून घ्यायचा. लोकांना वाटायचं, आपल्या कामाची केवढी माया! खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती फक्त बायकोला माहीत होती. दहा वर्षांचा असताना शाळेत पीटीच्या सरांनी सगळ्यांना पळवलं, आणि याचा पाय बघून म्हणाले, “तू बाहेर थांब. हा डबा धर, रेघा मार.” सरांनी वाईट म्हणून सांगितलं नव्हतं. पोरगं पडू नये एवढाच हेतू. पण ते “बाहेर थांब” म्हणाले, आणि हा पन्नास वर्षं थांबला.

आता क्लबच्या सेक्रेटरींबद्दल. एके काळचे खेळाडू. तरुणपणी त्यांच्या संघानं एक कप जिंकला. तो क्लबच्या खोलीत कपाटात आहे आणि किल्ली सेक्रेटरींच्या गळ्यात, शिट्टीच्या शेजारी. ती शिट्टी ते लग्नकार्यातही काढत नाहीत. त्यांचं एक लाडकं वाक्य: “मैदान खेळाडूंसाठी असतं.” खेळाडू कोण, हे अर्थात तेच ठरवणार.

त्यामुळं मागच्या वर्षी व्यायामाच्या मॅडमनी सकाळी सहा ते सात हा तास मागितला, तेव्हा सेक्रेटरींच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“कोणता खेळ शिकवणार?”

“कुठलाच नाही आधी,” मॅडम म्हणाल्या. “एका पायावर उभं राहायचं. फेकायचं, झेलायचं. पडायचं कसं ते शिकायचं. अक्षरओळख असते ना, तशी अंगाची ओळख. ज्यांना शाळेत कुणी संघात घेतलं नाही, अशा सगळ्यांसाठी.”

“म्हणजे जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी?”

“अजून खेळत नाहीत त्यांच्यासाठी.”

तास मिळाला, पण कोर्ट नाही. नळाजवळचा उतरता कोपरा मिळाला. तिथं पोट सुटलेला प्लंबर, दोन निवृत्त मास्तर, पायाला लोखंडी पट्ट्या लावून चालणारी लायब्ररीतली मुलगी आणि चार-पाच आज्या अशी वरात जमू लागली. प्लंबर एका पायावर उभा राहिला की आज्या पैज लावायच्या, आणि तो हटकून त्यांना जिंकवायचा.

या मंडळींत एक टेलिफोनबाई होत्या. होत्या म्हणजे बाकावर होत्या. दिसत त्यांना जन्मापासून नव्हतं. टेलिफोन कचेरीत तीस वर्षं त्यांनी बोर्ड सांभाळला. अर्ध्या गावाची भांडणं आणि पाऊण गावाची लफडी त्यांच्या कानांतून गेली होती, आणि कचेरी सुटली तरी कान सुटले नव्हते. पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखायच्या, आणि आवाजावरून तो खोटं बोलतोय का तेही. त्यांची वहिनी सकाळी त्यांना हाताला धरून आणायची, बाकावर बसवायची आणि स्वतः मैदानाला फेऱ्या मारायला जायची.

“पार्सल ठेवून गेली बघा,” बाई आल्यागेल्याला सांगायच्या. “पावती घेऊन ठेवा, नाहीतर हरवायचं.”

मॅडमनी त्यांना खूपदा बोलावलं. पण उतरत्या कोपऱ्यात, नळाच्या चिखलात, कुठं उभं आहोत याचा ठाव नसताना बाईंना हात सोडवेना. कुणाचा तरी दंड धरून खेळायचं म्हटलं की त्या म्हणत, “मग मी खेळतेय का दंड खेळतोय?” आणि परत बाकावर.

असं सगळं चाललेलं असताना ओळंब्याला नवा चष्मा लागला.

पहिल्या दिवशी जमीन जवळ आली, दुसऱ्या दिवशी तिरकी झाली. त्यातच त्याची जुनी दोरी तुटली, म्हणून त्यानं गच्चीवरची बायकोची कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली. चांगली जाड, वीस पावलांची. त्या पहाटे तीन बाजू नीट झाल्या. चौथ्या बाजूला मात्र नव्या चष्म्यातून एका रेघेच्या दोन दिसायला लागल्या. एकतीस वर्षांत जे घडलं नाही ते आज घडणार की काय, या भीतीनं त्यानं त्याच रेघेवरून पुन्हा डबा फिरवला. मग पुन्हा एकदा. शेवटी वैतागून डोळे मिटले, खाकरला आणि घरी गेला.

घरी बायको दारातच उभी. खांद्यावर पिळलेल्या चादरी, हातात बादली.

“दोरी कुठंय माझी?”

“कुठली दोरी?”

“तुमच्या गळ्यात बांधायची नव्हती, कपडे टाकायची होती. सकाळी गच्चीवरून नेलीत ना? कुठंय?”

ओळंब्यानं खिसा चाचपला. पिशवी बघितली. मग त्याच्या चेहऱ्याचा रंगच गेला. दोरी फक्कीखाली तशीच ताणलेली राहिली होती! कुणाचा पाय अडकला तर? आणि कुणी बघितली तर? दोन्हीतली मोठी भीती कोणती होती ते आपण नको विचारूया. माणूस आत वळलेल्या पायानं, चपला न घालता, मैदानाकडे धावत सुटला. बायको ओल्या चादरींसकट बघत राहिली. नवरा धावतो हे तिला त्या दिवशी कळलं.

फाटकापाशी तो थांबला.

कोर्टाच्या कडेनं टेलिफोनबाई चालत होत्या. एकट्या. वहिनी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, पाठमोरी. बाईंना नळावर तोंड धुवायचं होतं, दोन पावलं चुकली आणि चपलेखाली काहीतरी लागलं. त्यांनी चपला काढल्या, टाचेनं चाचपलं, अंगठ्यानं चाचपलं. आणि मग निघाल्याच की! अनवाणी, दोन्ही हात मोकळे, दोरीवर एकामागे एक पाऊल ठेवत शेवटच्या खुंटीपर्यंत. तिथं वळल्या. परत आल्या. दुसऱ्यांदा निघाल्या तेव्हा चाल वाढली होती, आणि तिसऱ्या खेपेला तर प्लंबरनं तोंडात बोट घातलं, कारण बाई चक्क पळाल्या. साठीची बाई, पदर खोचून, वीस पावलं, कुणाचा हात न धरता.

“इथं जमिनीला काठ आहे,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “मला कुणी सांगितलं कसं नाही?”

मॅडम रेघेशी वाकल्या, बोटानं फक्की बाजूला केली आणि फाटकाकडे बघून ओरडल्या, “काका! काय डोकं लावलंत हो! रेघेखाली दोरी! तुम्हाला सुचलं तरी कसं?”

आता इथं सरळ माणूस काय म्हणाला असता? “अहो, विसरली.” पण चौदा माणसं त्याच्याकडे कौतुकानं बघत होती. ओळंबा चष्मा पुसू लागला.

“सुचलं आपलं,” तो म्हणाला.

ताठ मान दोन बोटं खाली आली. ती फक्त एकाच व्यक्तीला जाणवली, आणि तिला तर दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं चारही बाजूंना दोरी घातली. मॅडमच्या उड्यांच्या दोऱ्या जोडून, गाठी बाहेरच्या बाजूला ठेवून. सहाला कोर्ट रिकामंच असतं, म्हणून सेक्रेटरींनी कुरकुरत ते वापरू दिलं, आणि त्यात एक खेळ सुरू झाला. दोन बाजूंना तीन-तीन जण. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. त्या ओळंब्याच्या बायकोनं अस्तराच्या उरलेल्या कापडाच्या शिवून दिल्या. (“दोरी गेली ती गेली, आता कापडही न्या.”) फुटबॉल एका कडक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा, म्हणजे घरंगळताना तो खसखस वाजतो. तो जमिनीवरून पलीकडे ढकलायचा, आणि पलीकडच्यांनी आवाजावर आडवं पडून अडवायचा. पायाखालची दोरी सांगते तुम्ही कुठं आहात. लायब्ररीतल्या मुलीला पळायची गरजच नव्हती. ती बसून अशी आडवी व्हायची की चेंडूची काय बिशाद पुढं जायची. प्लंबर मात्र पट्टी बांधली की चेंडूकडेच पाठ करून उभा राहायचा.

आणि टेलिफोनबाई! त्यांनी महिन्याभरात सगळ्यांना पाणी पाजलं. वर पडल्या पडल्या टोमणे: “मास्तर, चेंडू डावीकडे गेला, उजवीकडे तुमची बायको आहे.” वहिनी आता एकटीच फेऱ्या मारायची आणि कुरकुरायची, की नणंद घरी येऊन गुडघ्याचा चिखल दाखवते आणि चहा मागते.

ओळंबा बाहेरून बघायचा. एकदा बाईंनी त्याला नळापाशी गाठलं.

“काका, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही धावत आलात. अनवाणी. डावा पाय आत.”

“हं.”

“जो मुद्दाम ठेवतो, तो धावत येत नाही.”

ओळंबा गार. “कुणाला बोललात?”

“तीस वर्षं बोर्ड सांभाळला मी. माझ्या पोटात काय काय आहे ते कळलं तर हे गाव उठून जाईल. तुमचं एवढंसं राहील त्यात.” आणि हसून पुढं म्हणाल्या, “पण तुम्ही आत कधी येणार?”

“माझं काम बाहेरचं आहे.”

“माझंही बाकावरचं होतं.”

एवढं होऊन सगळं सुरळीत चाललं असतं. पण सेक्रेटरींचे जुने सवंगडी गावात आले, आणि त्यांना आपली जुनी सर्व्हिस दाखवायला सेक्रेटरी सकाळीच मैदानावर घेऊन आले. मॅडमचा वर्ग तेव्हा नळावर पाणी पीत होता. सेक्रेटरी कोर्टात शिरले, चेंडू उंच उडवला, मागं सरकले, टाच दोरीला लागली, आणि कपविजेता बैठकीसकट फक्कीत बसला. लागलं काही नाही. पण पँटच्या मागच्या बाजूला जी पांढरी रेघ उमटली, ती बाकी अगदी सरळ होती.

सवंगडी हसले. हेच नडलं.

रविवारी चार वाजता क्लबच्या खोलीत सभा बसली. कपाटातला कप, टेबलामागे समितीची पाच माणसं, समोर वर्गाची सगळी वरात. सेक्रेटरींचं म्हणणं साधं होतं: दोरी धोक्याची, ती काढायची. वर्गानं परत नळाजवळ जायचं. आणि हे कुणाच्या हलगर्जीपणानं झालं त्याची लेखी माफी फळ्यावर लागली पाहिजे.

“हलगर्जीपणा नाही,” मॅडम उठल्या. “काकांनी विचार करून ठेवली होती. त्यांना असले ठोकताळे कळतात. विचारा त्यांना.”

सगळ्यांनी ओळंब्याकडे पाहिलं. इकडे आड, तिकडे विहीर. हो म्हणावं तर खोटं, आणि सेक्रेटरींना मुद्दाम पाडल्यासारखं. नाही म्हणावं तर एकतीस वर्षांचं नाव मातीत, आणि चुकून राहिलेली दोरी कोण ठेवू देणार? टेलिफोनबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मांडीवर हात, मान खाली. टोमणा नाही, हसू नाही. बाकावर ठेवलेलं पार्सल जसं बसतं तशा.

ओळंब्यानं चष्मा काढला, पण पुसला नाही.

“पहिल्या दिवशी चूक झाली,” तो म्हणाला. “नवा चष्मा होता. दोरी काढायची विसरलो. मॅडमनी कौतुक केलं ते खाल्लं, तीही चूक. एकतीस वर्षांत एकदाच विसरलो, ते लिहून घ्या.”

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“पण त्यानंतर रोज मुद्दाम ठेवली. ती माझी चूक नाही.”

“म्हणजे मी पडलो तो मुद्दाम?” सेक्रेटरी उसळले.

“तुम्ही पडलात ते वेळेआधी,” टेलिफोनबाई खालच्या मानेनंच म्हणाल्या. “कारखान्याचा भोंगा पावणेसातला होतो. तुम्ही पडलात, सगळे हसले, आणि मग भोंगा झाला. सहा ते सात मैदान आमचं. आमच्या घरात न विचारता शिरलात आणि उंबऱ्याला अडखळलात, तर उंबरा काढायचा का?”

समितीतले एक म्हातारे गृहस्थ खोकला काढून हसले. सेक्रेटरींनी शिट्टी चाचपली.

“आणि सातनंतर? क्लबची माझी मुलं खेळायला येतात, ती अडखळली तर?”

“सात वाजता दोरी वर असेल,” ओळंबा म्हणाला. “जमिनीत बोटभर चर पाडतो, त्यात ती अर्धी बसेल. सात वाजता काढतो, चर बुजवतो, पुन्हा फक्की मारतो. रोज.”

“म्हणजे दुप्पट काम.”

“माझं आहे. मी बघीन.”

सेक्रेटरींनी कपाकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता हो; कपाट उघडून तीस वर्षांत त्यांनी कुणाच्या हातात कप दिला नव्हता, एवढाच काय तो दोष. शेवटी म्हणाले, “एक अट. धोका नाही म्हणता ना? मग आधी तुम्ही खेळून दाखवा. ज्यानं रेघेच्या आत कधी पाऊल टाकलं नाही त्याच्या शब्दावर मी माझी मुलं सोडणार नाही.”

अडवायलाच टाकलेली अट होती ती. एकतीस वर्षांचा वळसा त्यांनीही पाहिला होता. ओळंब्याची मान हलली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कुणाला कळेना.

“हो म्हणाले,” बायको मागून म्हणाली. ती कधी येऊन बसली होती कुणास ठाऊक. “मी मान ओळखते.”

सोमवारी सहाला तो रेघ आखून खाकरला, आणि तिथंच उभा राहिला. समिती बाकावर, त्याच बाकावर, ओळीनं बसली. बायकोनं त्याचा चष्मा काढून घेतला आणि अस्तराची पट्टी बांधली. “घट्ट होतेय?” “हं.” “असू दे.” टेलिफोनबाईंनी हात पुढं केला नाही, फक्त म्हणाल्या, “दोरी डाव्या पायाला लागेल. आत वळलेला आहे ना, तोच आधी शोधतो.”

आणि लागली. दहाव्या वर्षी बाहेर थांबलेला पाय रेघेवर आला, क्षणभर थबकला आणि आत गेला. काही झालं नाही. जमीन तीच होती. पलीकडून खसखस आली. मॅडम शिकवत असताना तो वर्षभर बाहेरून बघत होता, तसा गुडघ्यावर आला, कुशीवर झाला आणि आडवा पडला. चेंडू त्याच्या पोटावरून नाही, डोक्याच्या बाजूनं निघून गेला.

“ओळंबा आडवा!” प्लंबर ओरडला, आणि सगळं मैदान हसलं, बाकासकट.

ओळंबाही हसत होता, पट्टी बांधलेला, फक्कीनं पांढरा. उठला नाही लगेच. हातानं चाचपत दोरीपर्यंत गेला, टिचकी मारली. वाजली.

“पुन्हा टाका,” तो म्हणाला.

सहावा चेंडू त्यानं अडवला. सेक्रेटरींनी तेव्हा नकळत शिट्टी फुंकली, आणि फुंकल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. आता परत कशी घेणार?

फाटकाजवळ हल्ली पाटी आहे: ‘सात वाजेपर्यंत कोर्टात दोरी आहे. जपून यावे.’ अक्षर सेक्रेटरींचं, ओळ जरा तिरकी. खालची रेघ ओळंब्यानं मारलेली. सातला पाच कमी असताना तो कुशीवरून उठतो, कपडे झटकतो आणि दोरी गुंडाळायला लागतो, तेव्हा टेलिफोनबाई रोज कुरकुरतात, की घड्याळ पुढं आहे. घरी चादरी अजून खुर्च्यांच्या पाठीवर वाळतात. बायको दोरीचं रोज विचारते. पण परवा मॅडमच्या वर्गात एका पायावर उभं राहताना ती प्लंबरच्या शेजारी होती, आणि आज्यांनी पैज तिच्यावर लावली होती.